गोजरची साखर उतरली

३० जुलै १९७२, रविवार. देवळाली प्रवरा

आज सलग नवव्या दिवशी माझ्या बायकोची, गोजरची नळी निळी आली. बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळले, तरी निळ्याचा निळाच रंग राहिला. साखर असती तर हिरवा झाला असता, जास्त असती तर पिवळा, आणि फारच असती तर विटेसारखा. चौदा वर्षं मी ही नळी विटकरी बघत आलो. म्हणून आज ही वही सुरू केली. जे घडतंय ते नोंदवलं पाहिजे.

राहुरीच्या डॉक्टरांनी सकाळी छत्तीस युनिट इन्शुलिन ठरवून दिलं होतं. जूनमध्ये दोनदा सकाळी स्वयंपाक करताना तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले. औषध जास्त झाल्याची ती खूण, हे इन्शुलिनच्या खोक्यातल्या पुस्तिकेत वाचलेलं होतं. म्हणून मी मात्रा उतरवत गेलो. आता बावीस. तरी नळी निळीच.

याचं कारण एकच दिसतं. मार्चपासून मी तिला जांभळाच्या बियांचं चूर्ण, अनशापोटी कारल्याचा रस आणि संध्याकाळचं जेवण बंद, असं लावून दिलं आहे. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. ते हसले असते. चार महिने त्यांच्याकडे गेलोही नाही. मी हायस्कुलात सतरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतो, नळीचा रंग मलाही कळतो.

१९ ऑगस्ट, शनिवार

पाऊस नाही. कॅनॉलला पाणी कमी, उसाची पानं वळलेली. रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आलाय. गोजर त्याच्या भाकरीकडे बघतसुद्धा नाही. म्हणते, तोंडाला चवच नाही, तांब्याचं भांडं चाटल्यासारखं लागतं. पूर्वी हिची भूक आवरता आवरत नसे. माझ्यापुढची भाकरीही संपवायची. आता अर्धीवर हात धुते. शरीराला वळण लागलं की असंच होत असावं.

मात्रा सोळा. नळी निळी. उकळताना नळीत फेस फार येतो, साबणासारखा. नळ्या नीट धुतल्या जात नसाव्यात. सोड्याने धुतल्या, तरी तसंच.

३ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या रंगुबाई आज म्हणाल्या, गोजर जरा भरल्यासारखी दिसते. खरंच चेहरा भरलाय. पायही. बांगड्या मागे-पुढे होत नाहीत. चौदा वर्षांत हिच्या अंगावर मांस चढलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की रंगुबाईंना बसवून चहा पाजला आणि सगळी पद्धत सांगितली.

गोजरला आनंद दिसत नाही. अंग खाजतं म्हणते, जिना चढताना दम लागतो म्हणते. मी म्हटलं, वजन वाढल्यावर दम लागणारच. 

मात्रा दहा.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज बाबाजान घरी आला. पेठेत त्याचं शिवणाचं दुकान आहे, माझे सगळे कपडे तोच शिवतो. वय चौतीस, अंगाने काडी. बाविसाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हापासून रोज दोन वेळा सुई. रंगुबाईंकडून त्याच्या आईला, बद्रुन्निसाबाईंना, आमची बातमी कळली होती.

त्याने नळी बघायला मागितली. मी त्याच्यासमोर गोजरची लघवी उकळून दाखवली. निळी. मग त्याची. द्रावण बघता बघता हिरवं, पिवळं झालं. तो बराच वेळ दोन्ही नळ्या हातात धरून बसला. मग म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात रमजान लागतो. सुई घेणाऱ्याला पोट रिकामं ठेवता येत नाही, म्हणून बारा वर्षांत एक रोजा धरलेला नाही. मौलवीसाहेब म्हणतात आजाऱ्याला माफ आहे. पण दुकानात बसून दुपारची भाकरी खाताना मान वर होत नाही.

"मास्तर, एकदा पुरे रोजे धरायचेत. ह्या एका साली. होईल का?"

मी एकदम हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हणवेना. गोजरचं बरं झालंय, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. जांभळाचं चूर्ण दिलं. सुई आधी निम्मी, मग पाव, आणि रोजे लागले की बंद, असं ठरवून दिलं. राहुरीला जाऊ नकोस म्हणून मी सांगितलं नाही. जा असंही म्हणालो नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

गोजरची सुई आज बंद केली. शेवटचे चार दिवस सहाच युनिट होतं. काचेची पिचकारी पुसून कापसात गुंडाळून ठेवली. वाटलं होतं ती रडेल किंवा हसेल. ती भिंतीला टेकून बसून होती. म्हणाली, "आता मला पडू द्या."

आम्हाला मूल नाही. एक झालं ते मेलेलं झालं, याच रोगाने. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. आज मला ते आठवलं, एवढंच लिहितो.

बाबाजानची नळी विटकरी. तो घाबरला. मी समजावलं, अंगातली मुरलेली साखर बाहेर पडते आहे, पहिले काही दिवस असंच चालायचं. हे बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

९ ऑक्टोबर, सोमवार

काल घट बसले आणि कालच संध्याकाळी चांद दिसला. गोजरचे नवरात्राचे उपास, बाबाजानचा आज पहिला रोजा. गोजर दरसाल नऊ दिवस धरते. इतकी वर्षं मी सुईमुळे तिला दोन वेळा जबरदस्तीने खाऊ घालत होतो. यंदा अडवलं नाही. ती दूध आणि दोन केळी घेते. तेवढंही ओकून टाकते.

शाळेत जाताना बाबाजानला भेटलो. सुई सोडली. चेहरा ओढलेला, पण खुशीत होता. दुकानामागच्या घरातून त्याची बायको मेहताब म्हणाली, पहाटे सहरीला दोन तांबे पाणी पितात, तरी दिवसभर घशाला कोरड. मी म्हटलं, रोज्यात तहान लागणारच.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबाजान दुकानात आडवा पडून होता. पोटात मुरडा येतो म्हणाला, दोनदा उलटी झाली. पैजमा नाडीने आवळून धरलेला, इतका वाळलाय. त्याच्या श्वासाला पिकल्या केळ्यासारखा गोडसर वास येत होता. इफ्तारला फळं खात असणार.

मी विचारलं, एखादा रोजा सोडतोस का. तर म्हणाला, पाच झाले, पंचवीस राह्यले. तुमच्या मंडळींना जमलं, मला का नाही जमणार.

खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. घरी आल्यावर मन खात होतं. पुस्तिका काढली, चाळली, ठेवून दिली.

१५ ऑक्टोबर, रविवार. अष्टमी

सकाळी सहाला गोजरला हाक मारली, तर उठेना. अंगावरचं लुगडं घामाने भिजून गार. डोळे अर्धे उघडे, दातखीळ. मला वाटलं साखर चढली. सुई बंद करून दोन आठवडे झालेत, दुसरं काय असणार? माझाच उतावळेपणा. पिचकारी काढली, उकळायला ठेवली. बाटलीतून वीस युनिट भरायचं ठरवलं.

पाणी उकळायला वेळ लागत होता. माझी हाक ऐकून रंगुबाई आल्या. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. मला काही न विचारता शिंकाळ्यातला गूळ काढला, पाण्यात कालवला आणि बोटाने तिच्या गालाच्या आत सारवायला लागल्या. मी ओरडलो की ते तिला विष आहे. त्या म्हणाल्या, उपाशी बाईला भोवळ आली की आम्ही हेच करतो, तुम्ही तुमचं करा. मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला.

दहा मिनिटांत गोजरने डोळे उघडले आणि विचारलं, घटाला पाणी घातलं का.

चुलीवर पिचकारी उकळत होती. पाणी पाच मिनिटं आधी उकळलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे.

इथल्या एका बागाईतदाराची जीप मिळाली. रंगुबाई बरोबर आल्या. दुपारी नगरला दवाखान्यात दाखल केलं. वाटेत आणखी एकदा तिची शुद्ध हरपली, आणखी गूळ दिला. या वेळी मीच दिला.

१६ ऑक्टोबर, सोमवार. नगर

दुपारी बारा वाजता रक्ताचे अहवाल आले. डॉक्टर वयस्क, शांत आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. चूर्ण, रस, उतरत गेलेली मात्रा, निळ्या नळ्या. वही दाखवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी गोजरच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना.

"हे मांस नाही, मास्तर. पाणी आहे," ते म्हणाले.

गोजरची दोन्ही मूत्रपिंडं संपत आली आहेत. चौदा वर्षांच्या साखरेने ती कुरतडली. नळीतला फेस म्हणजे अंगातलं सत्त्व गळत होतं. रक्तात युरिया इतका आहे की तोंडाला चव कशी राहील.

मी विचारलं, मग साखर कशी उतरली. त्यांनी कागदावर दोन घेवड्याचे दाणे काढले. मूत्रपिंड नुसतं रक्त गाळत नाही. टोचलेलं इन्शुलिन मोडून टाकायचं बरंचसं काम त्याचंच. ते थकलं की थोडकं इन्शुलिनही अंगात रेंगाळत राहतं. म्हणून छत्तीसचं बावीस झालं, बावीसचं सहा. दुसरं, माणूस उपाशी असला की यकृत साखर तयार करतं, आणि त्याच्या जोडीला मूत्रपिंडही करतं. उपास लांबला की मूत्रपिंडाचा वाटा वाढतो. हिच्यात तो वाटाच उरलेला नाही. त्यावर सात महिने जेवण तोडलेलं, म्हणजे यकृताकडेही शिल्लक काही नाही. त्यावर आठ दिवस उपास. साखर येणार कुठून?

"तुम्ही जे बरं होणं म्हणून लिहीत गेलात," ते म्हणाले, "तो रोगाचा पुढचा टप्पा होता."

उपाय विचारला. रक्त धुण्याचं यंत्र मुंबईला एक-दोन ठिकाणी आहे, पण या अवस्थेत त्याने काही दिवस मिळतील, तेवढेच. त्यांनी तोंडाने आकडा सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

हे सगळं ऐकत असतानाच मला बाबाजान आठवला. त्याची मूत्रपिंडं धडधाकट आहेत. त्याचं इन्शुलिन कुठेही रेंगाळत नाही. त्याला रोजची सुई म्हणजे रोजचा श्वास. आणि तो केळ्याचा वास फळांचा नव्हता, सुईवाचून अंगात साठणाऱ्या ॲसिटोनचा होता. मी अकरावीला ॲसिटोन शिकवतो. बाटलीचं बूच काढून मुलांना वास देतो.

देवळालीची गाडी चारला होती. रंगुबाई गोजरजवळ होत्या, मी गेलो असतो तर अडलं नसतं. तार करता आली असती. पोस्टात जाऊन फॉर्मही घेतला. "सुई ताबडतोब सुरू करा" एवढंच लिहायचं होतं. पण तार आमचे पोस्टमास्तर वाचणार, त्यांच्या तोंडून पेठेत जाणार, की मास्तरांनी बंद करायला लावली होती. फॉर्म खिशात घातला. स्वतः जाऊन नीट समजावून सांगणं चांगलं, असं मनाशी म्हटलं. उद्या पहिल्या गाडीने जातो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

बाबाजान आज पहाटे गेला.

मी दहाला पोचलो तेव्हा दारात माणसं होती. काल दुपारपासून तो मोठमोठे श्वास घेत होता, धावून आल्यासारखे. मेहताबने सुई द्यायची म्हटलं होतं. बाटली घरातच होती, माठाखाली ओल्या फडक्यात. तो नको म्हणाला, मास्तरांना विचारल्याशिवाय नको. मास्तर नगरहून आले का ते बघा, असं त्याने संध्याकाळपर्यंत तीनदा विचारलं. हे मला त्याच्या आईने सांगितलं. रडत नव्हती. बातमी सांगावी तसं सांगितलं.

काल चारच्या गाडीने निघालो असतो तर मी सहापर्यंत त्याच्या दारात पोचलो असतो.

१८ ऑक्टोबर, बुधवार

काल दफनाला गेलो, माती दिली. सगळे म्हणत होते, रोज्यात मौत आली, नशीबवान. मौलवीसाहेबही तेच म्हणाले. मी मान हलवली.

संध्याकाळी नगरला परत आलो. गोजरने विचारलं, सदऱ्याला माती कशाची. म्हटलं, गाडीत खाली बसावं लागलं.

५ नोव्हेंबर, रविवार. दिवाळी

गोजर घरी आहे. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून उपयोग नाही. दर तीन तासांनी तिला काहीतरी गोड भरवायचं, पहाटेही. चौदा वर्षं मी हिच्या हातातून लाडू काढून घेतले. आता दुधात साखर घालून वाटी तोंडाला लावतो आणि ती मान फिरवते.

बाबाजानचं तिला कळलं. रंगुबाईंनी सांगितलं असणार. 

१९ नोव्हेंबर, रविवार

आज गोजरने स्वतःहून मला जवळ बसवलं. ती शेवगावकडच्या शेतकऱ्याची लेक, शाळा चौथीपर्यंत. तिने कधी मला काही समजावून सांगितलं नाही. आज सांगितलं.

"मेहताबला खरं काय ते सांगून या. मी हाय तवर. मागनं तुमी सांगायचे न्हाईत."

मी म्हटलं, त्या बाईला रोज्यात मौत आली याचं समाधान आहे. ते काढून घेऊन काय मिळणार. गोजरने डोळे मिटले. म्हणाली, "तिला न्हाई मिळायचं काई. तुमी सांगा."

चार वाजता गेलो. मेहताब इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाही. पडद्याआड बसली. बद्रुन्निसाबाई उंबऱ्यात. मी उभ्यानेच सांगितलं. चूर्णाने काही होत नाही. सुई मीच बंद करायला लावली. सोळा तारखेला दुपारी बारा वाजता मला कळलं होतं, गाडी होती, तार होती. मी आलो नाही कारण मला लाज वाटली.

 मग मेहताब म्हणाली, "बाटली माठाखाली हुती, मास्तर. माझा हात दोनदा गेल्ता."

एवढंच. बद्रुन्निसाबाईंनी दार लोटून घेतलं.

घरी आल्यावर गोजरने विचारलं, सांगितलं का. हो म्हटलं. तिने वाटीतलं दूध मागून घेतलं.

२ डिसेंबर, शनिवार

पायांना भेगा पडून पाणी येतं. शब्द अडखळतात. काल तिने मला तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. साखर खाली गेली की असं होतं हे आता मला कळतं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आता पहिल्यांदा तिच्या कपाळाचा घाम बघतो. नळ्या फोडून उकिरड्यावर टाकल्या.

शाळेतून आलो तेव्हा तिच्या पायांना माती होती. कुठे गेली होतीस विचारलं, तर तिने रंगुबाईंकडे बघितलं आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

१२ डिसेंबर, मंगळवार

गोजर सात तारखेला, गुरुवारी दुपारी गेली. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. श्वास थांबला तेव्हा माझ्या हातात चमचा होता.

आज सकाळी रंगुबाईंनी सांगितलं. दोन तारखेला मी शाळेत असताना गोजर त्यांना म्हणाली, मला मेहताबच्या घरी न्या. दोन गल्ल्या चालायला अर्धा तास लागला. चार ठिकाणी बसली. आत बायका बायकांत बसल्या. गोजरने मेहताबचे पाय धरायला हात पुढे केले, मेहताबने ते वरच्या वर धरले. गोजर म्हणाली, माझ्या मालकाला माफ कर.

मी विचारलं, मेहताब काय म्हणाली.

रंगुबाईंना ते सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं.

"ती म्हनली, बाई, तू मागितलीस म्हनून तुला दिली. त्यांना न्हाई."

१८ डिसेंबर, सोमवार

आजपासून शाळा. मेहताबचं घर शाळेच्या वाटेवर आहे. ऑक्टोबरपासून मी कॅनॉलच्या कडेने जातो, अर्धा मैल लांब पडतं. आज पेठेतून गेलो. त्यांच्या दाराशी आलो तेव्हा बद्रुन्निसाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी थांबलो. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

मी पुढे गेलो. उद्याही याच वाटेने जाईन.